मोडक्या शिंगाची गाय

रंगपूर, २ अग्रहायण

बुबू,

सलाम. फोन तू उचलत नाहीस. दुलाभाई उचलतात आणि आवाज बदलून "राँग नंबर" म्हणतात. तुझ्या लग्नापासून मी तो आवाज ऐकते आहे, नवऱ्याला सांग की त्यांना नाटकात कुणी घेणार नाही. म्हणून हे पत्र. नावाडी बदिउल माझी बाजाराच्या दिवशी कलमीचरला होडी नेतो, त्याच्या हाती देते आहे. फोन कापता येतो, पत्र कापता येत नाही. चुलीत घालता येतं, पण तू ते करणार नाहीस. लिहिलेला कागद जाळायचा नाही ही आब्बांची शिकवण तू माझ्यापेक्षा जास्त पाळतेस.

कामाचं बोलते. तुझं कलमीचर माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोललं आहे, आणि मला त्याचं कारण हवं आहे.

आमच्या अभ्यासात ब्रह्मपुत्रेतली सहा बेटं आहेत. तीन बेटांवर अगदी नाडलेल्या घरांतल्या बायकांना गाय दिली आणि दर आठवड्याला माणूस पाठवून तिचं खाणंपिणं, दुखणंखुपणं शिकवलं. उरलेल्या तीन बेटांना सध्या काही द्यायचं नाही. शेवटी दोन्हीकडच्या चुली बघायच्या आणि सरकारला दाखवायचं की गाईने फरक पडतो. पडला, तर उरलेल्या तिघांनाही गाई. नाही पडला, तर कुणालाच काही नाही, फाइल बंद. हे तुला पाठ आहे, पण रागावलीस की तुला हवं तेवढंच आठवतं, म्हणून पुन्हा लिहिलं.

सोडतीच्या दिवशी तू पहिल्या रांगेत होतीस. हंडीत हात मी घातला. हांसचरला गाई लागल्या आणि कलमीचर "नंतर"च्या बाजूला गेलं. तुझी शेजारीण मोर्जिना म्हणाली, "सख्ख्या बहिणीच्या हाताला काय लकवा भरला होता?" आणि तू उठून सगळ्यांसमोर म्हणालीस, "माझी बहीण पुरात वाहून गेली, असं समजा." तेव्हापासून मी वाहूनच गेलेली आहे.

मी माफी मागणार नाही, बुबू. बहिणीसाठी हात वळवला असता तर ती सोडत राहिली नसती, चोरी झाली असती. चोरी कर म्हणून तू मला लिहायला-वाचायला शिकवलं नव्हतंस.

तर आता निकाल. कार्तिकात, ऐन मंगाच्या, उपासमारीच्या दिवसांत, भात शेतात उभा आणि हाताला काम नाही अशा वेळी आमची माणसं सगळ्या बेटांवर जाऊन आली. हांसचरच्या बायका म्हणाल्या, दोन वेळा जेवतो, थोडं दूध विकतो. आणि कलमीचरच्या बायका म्हणाल्या, तीन वेळा. भात, मासे, वर बदकाचं अंडं. दारात गाई. आम्ही ज्यांना गाई दिल्या त्यांच्यापेक्षा, न दिलेल्यांच्या दारात गाई जास्त. तुझं बेट सगळ्यात मोठं, त्यामुळे अख्खा निकाल तुमच्या बाजूला कलला.

आमच्या मुख्य तहमिना आपा ढाक्याहून आल्या होत्या. कागद खाली ठेवून म्हणाल्या, "नाहार, ज्यांना काहीच दिलं नाही ते मजेत आहेत. मंत्रालयाला मी काय सांगू, देऊ नका म्हणून?"

पुढच्या महिन्यात त्या तेच सांगतील. मी अशाच बेटावर जन्मले आहे. कार्तिकात कलमीचरला कुणी तीन वेळा जेवत नाही, बदकंसुद्धा नाहीत. काय झालं ते लिही. दोन ओळी पुरे, शिव्या धरून.

तुझी
नाहार


रंगपूर, ९ अग्रहायण

बुबू,

उत्तर नाही आलं. बदिउल माझी म्हणाला, "कोहिनूर भाभींनी पत्र वाचलं, घडी घालून छपराच्या बांबूत खोचलं आणि म्हणाल्या, उत्तर नाही." मग होडी बांधता बांधता म्हणाला, "वाळली आहे का, असं विचारत होत्या." मी म्हटलं, कोण? तो म्हणाला, "आता मला काय माहीत, कुणाबद्दल विचारत होत्या." त्याला सांग, मी वाळलेले नाही. उलट रंगपूरच्या मिठाईने गोल झाले आहे.

तू बोलली नाहीस तरी मला कळलंच. तुझ्याकडे विचारपूस करायला आली होती ना ती शिउली, गोरीशी, हसरी, आमच्या ऑफिसातली? तिला मी समोर बसवलं. चहा दिला आणि म्हटलं, कलमीचरचं पहिल्यापासून सांग.

"काय सांगू आपा, इतकी माया कुठे बघितली नाही," ती म्हणाली. "होडीतून उतरले तर पाय धुवायला पाणी. कुणी केसांना तेल लावतंय, कुणी पान करून देतंय. जिथे जाईन तिथे ताट वाढलेलं. मी म्हटलं, मावशी, मी प्रश्न विचारायला आले आहे. तर म्हणतात, आधी जेव, मग विचार."

"आणि गाई?"

"होत्या की. प्रत्येक दारात. छान गाई आहेत त्यांच्या. फक्त डावं शिंग मोडलेलं असतं."

"कुणाचं?"

"सगळ्यांचंच. मला वाटलं, तिकडची जातच तशी असेल."

बुबू, मी चहाचा कप खाली ठेवला. ती पोरगी शहरात वाढली आहे, तिला गाय म्हणजे गाय. पण डाव्या मोडक्या शिंगाची ती पांढरी गाय मी ओळखते. चिलमारीच्या बाजारात मी स्वतः तिचे दात बघून, दलालाशी भांडून घेतली होती. हांसचरच्या विधवा गोलापीसाठी. आणि गोलापी ही तुझ्या मोर्जिनाची नणंद. म्हणजे तुम्ही गोलापीची गाय हांसचरहून होडीत घालून आणली आणि शिउली एका दारातून दुसऱ्या दारात जाईपर्यंत मागच्या वाटेने तीच गाय पुढे नेली. इकडे हांसचरला आमचा दुसरा माणूस तिचा रिकामा गोठा मोजत होता. दोन वर्षांची मेहनत आणि ढाक्याची एवढी हुशार माणसं, सगळ्यांना एका गाईने तोंडघशी पाडलं. मी इतकी हसले की शिउली घाबरली.

मग मी तिला विचारलं, असं का केलं असेल त्यांनी? ती म्हणाली, "काय माहीत. पण त्या सगळ्या एकच म्हणत होत्या. कोहिनूरच्या माहेरची माणसं आली आहेत, कोहिनूरच्या माहेरची माणसं."

तेव्हा माझं हसू थांबलं.

लग्नानंतर पहिल्यांदा मी तुझ्याकडे आले होते, आठवतं? पूर नुकताच ओसरला होता. तू मला भात आणि कोंबडी वाढलीस. परत जाताना घाटावर एका बाईने मला सांगितलं की कोंबडी उसनी होती आणि तू आदल्या दिवशीपासून उपाशी होतीस. मी घरी येऊन अम्मीला सांगितलं, तर अम्मी माझ्यावरच ओरडली. म्हणाली, "गप्प बस. नांदती बाई माहेरच्या माणसाला उपास दाखवत नसते. सासरची अब्रू जाते." अम्मीनेही कधी मामांना दाखवला नाही.

म्हणजे तू चारचौघांत मला पुरात वाहवलंस, फोन कापलास, नवऱ्याला राँग नंबर करायला लावलंस. आणि माझी माणसं होडीतून उतरली तेव्हा अख्खं बेट उभं केलंस. मोर्जिनाने उसनवारी केली, गोलापीने गाय दिली, का, तर कोहिनूरच्या माहेरचं कुणी उपाशी चूल बघायला नको. मेलेल्या बहिणीच्या माणसांना एवढं कुणी करत नाही.

मी रडले. ऑफिसात, शिउलीसमोर. हे बदिउलला सांगू नको, तो घाटभर करेल.

नाहार


रंगपूर, १६ अग्रहायण

बुबू,

हे पत्र बसून, शांतपणे वाच. मोर्जिनाला ऐकवलंस तरी चालेल, उलट ऐकवच.

मी तहमिना आपांना सगळं सांगितलं. गाय, अंडी, माहेर, सगळं. त्या हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते चुकीचं नाही.

"नाहार, तुला आकडे आवडले नाहीत म्हणून तू पुन्हा मोजायला सांगते आहेस. उद्या दुसऱ्या कुणाला आवडणार नाहीत, तोही सांगेल. आणि बेट कुणाचं, तर तुझ्या बहिणीचं. हे तू पहिल्या दिवशी सांगितलं होतंस, ते मीच हसण्यावारी नेलं, ती चूक माझी. पण आता मी तुझ्यावर विश्वास का ठेवू?"

मी म्हटलं, "ठेवू नका. सहाच्या सहा बेटं पुन्हा मोजा. मला त्यातून काढा. शिउलीला काढा. रंगपूर, कुडीग्रामचं एकही माणूस नको. दक्षिणेतून बरिशालची माणसं आणा, ज्यांचं इकडे ना माहेर ना सासर. भाषासुद्धा अर्धी कळणार नाही त्यांना. आणि चैत्रात आणा, तेव्हाही चूल थंड असते. जे दिसेल ते दिसेल. गाईने फरक पडला नाही असं दिसलं तर राजीनामा मी स्वतः लिहून देते."

"राजीनाम्याने माझा काय फायदा?"

"तुमचा नाही. पण तोपर्यंत मंत्रालयाला काही कळवू नका."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "एक अट. कलमीचरच्या बायकांनी आपणहून पुन्हा उत्तरं द्यायला तयार व्हायला हवं. भर सभेत. मी स्वतः जाऊन विचारेन. एकीनेही जबरदस्ती झाली म्हटलं, तर विषय संपला. आणि त्या 'हो' म्हणाल्या, की त्या दिवसापासून मोजणी संपेपर्यंत तू तिकडे पाऊल टाकायचं नाही, पत्र लिहायचं नाही, निरोप पाठवायचा नाही."

मी कबूल केलं. आता पुढचं सगळं तुझ्या हातात आहे, आणि ते तुझ्या हातात आहे याचा मला काडीचाही घोर नाही. कलमीचरच्या बायका कुणाचं ऐकतात ते मला माहीत आहे. मेंबरचं ऐकत नाहीत, मौलवीसाहेबांचं अर्धं ऐकतात, तुझं पूर्ण ऐकतात.

तू काय म्हणशील तेही मला माहीत आहे. म्हणशील, आम्ही भिकारी नाही, परक्यापुढे पदर पसरणार नाही. पसरू नकोच. कुणी भीक घालत नाहीये. ज्या सोडतीवर तू रागावलीस तिचा दुसरा अर्धा भाग अजून व्हायचा आहे, "नंतर" म्हटलं होतं ते. तो तुमचा हक्क आहे. तुम्ही तो भाताखाली झाकून ठेवला आहे. तुमच्या एकट्यांचा नाही, बाकीच्या दोन बेटांचाही. त्यांनी खरं सांगितलं आणि तुमच्या अंड्यांनी त्यांचंही तोंड बंद झालं. मोर्जिनाला विचार, नणंदेची गाय किती दिवस उसनी आणणार आहे? स्वतःच्या दारात स्वतःची बांधायची नाही का?

सासरची अब्रू तू सांभाळलीस. माझी खात्री पटली, आता पुरे.

नाहार


रंगपूर, १० पौष

बुबू,

हे शेवटचं, नियम उद्यापासून लागू. आपांनी एवढ्यापुरती परवानगी दिली आहे आणि त्या समोरच बसल्या आहेत, म्हणून मोर्जिनाविषयी जे लिहिणार होते ते लिहीत नाही.

आपा कलमीचरहून कालच आल्या. बूट चिखलाने भरलेले, चेहरा उजळलेला. म्हणाल्या, "तुझी बहीण तुझ्यापेक्षा भांडखोर आहे." मी म्हटलं, शिकले कुणाकडून?

त्यांनी सांगितलं की त्यांनी सभेत प्रश्न विचारला. सगळ्या तुझ्याकडे बघत होत्या आणि तू नदीकडे. मग तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मागच्या वेळी आली ती माहेरची माणसं होती, म्हणून आपण घर झाकलं. आता येतील ते कुणाचेच कुणी नाहीत. डॉक्टरला नाडी दाखवायची तर हात बाहेर काढावाच लागतो. काढा बाहेर." मोर्जिना म्हणाली, "आणि लोक काय म्हणतील?" तू म्हणालीस, "लोक म्हणजे कोण, तूच ना? तू काही म्हणू नकोस म्हणजे झालं."

आपांनी हे तीनदा सांगितलं. त्या एवढ्या शिकलेल्या, देशोदेशी भाषणं करून आलेल्या, पण सभा कशी जिंकतात ते काल बघितलं म्हणतात.

निघताना त्यांनी तुला विचारलं म्हणे, "नाहारला काही सांगू?" आणि तू म्हणालीस, "कोण नाहार?"

ठीक आहे, बुबू. नाहार थांबेल. ती हट्टात तुझ्याहून तसूभरही कमी नाही.

आपा म्हणतात, पुरे.

ना.


रंगपूर, ६ बैशाख

बुबू,

बैशाखातल्या नवीन वर्षाच्या शुभेच्छा. बदिउलकडे मिठाई पाठवली आहे. डबा फोडलेला दिसला तर समज की रस्त्यात त्याला भूक लागली.

आधी निकाल, मग आपलं.

बरिशालच्या माणसांनी सगळी बेटं मोजली. त्यांना तुमची बोली कळेना आणि तुम्हाला त्यांची, एकेक प्रश्न तीनतीनदा विचारावा लागला, पण कुणी त्यांना तेल लावलं नाही आणि अंडं वाढलं नाही. कलमीचरला चैत्रात बहुतेक घरी एकदाच चूल पेटते. दारात गाय नाही. हांसचरला दोन वेळा पेटते, गोलापीच्या घरी दूध आहे आणि मोडक्या शिंगाच्या गाईला वासरू झालं आहे. फरक इतका ढळढळीत आहे की आपांना मंत्रालयात फार बोलावंच लागलं नाही. शिक्का बसला. कलमीचर आणि बाकीच्या दोन्ही बेटांना गाई, येत्या कार्तिकात. पावसाळा गेला की वाटप. खरेदीला चिलमारीच्या बाजारात मी जाणार आहे, आणि दलालांनी आत्तापासून नमाज पढायला सुरुवात केली असेल.

आणखी एक. आमच्या संस्थेच्या नियमांत आता नवी ओळ आली आहे. ज्या गावात कर्मचाऱ्याची बहीण किंवा लेक नांदते, त्या गावात त्या कर्मचाऱ्याच्या ऑफिसातलं कुणीही विचारपूस करायला जायचं नाही. ढाक्यात आपांच्या भाषणात ही ओळ असते आणि लोक वहीत उतरवून घेतात. कुणाला माहीत नाही की ती ओळ तू लिहिलीस.

आता आपलं. मोजणी संपल्यावर मी कलमीचरला आले त्या दिवसाचं लिहिते आहे. तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. तिथे मी नुसती जेवून परत आले आणि तुला वाटलं असेल की रंगपूरच्या पाण्याने ही शिष्ट झाली.

दुपार होती. तू दारात बसून जाळं सांधत होतीस. मी घाटावरून येताना तू मला बघितलंस, आणि पुन्हा जाळ्यात मान घातलीस. दुलाभाईंनी मला बघितलं आणि घाईने निघून गेले, बहुधा मी फोन लावेन या भीतीने. मी तुझ्या शेजारी बसले. तू "ये" म्हणाली नाहीस, "जा"ही म्हणाली नाहीस. तुझ्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकते आहे, हे मी बघितलं. वाळली आहे का, असं बदिउलला तू विचारत होतीस.

मग तू उठलीस. चुलीमागच्या फडताळात एक अंडं होतं. मला दिसलं, आणि मला दिसलं हे तुलाही दिसलं. तू ते हातात घेतलंस. मी मनात म्हटलं, झालं, हिने ते अंडं मला उकडून दिलं तर मी कायमची माहेरचं माणूस झाले. मोर्जिना कुंपणापाशी येऊन उभी होतीच.

तू ते अंडं परत जागेवर ठेवलंस. हंडीतलं उकडलेलं रानअळू ताटलीत काढलंस, वर मीठ आणि एक मिरची. भात नाही. ताटली माझ्यासमोर ठेवलीस.

मोर्जिनाला राहवलं नाही. म्हणाली, "अगं कोहिनूर, माहेरचं माणूस इतक्या वर्षांनी आलं आहे. अंडं तरी दे."

आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "माहेरची कुठली? घरातलीच आहे ती. आहे ते खाईल."

बुबू, मी खूप ठिकाणी जेवले आहे. ढाक्याला मोठ्या हॉटेलात, परदेशी पाहुण्यांबरोबर, काचेच्या ताटात. ते अळू घशाला खाजत होतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. मोर्जिनाला वाटलं, अळूमुळे. तसंच वाटू दे.

मी ताटली पुसून खाल्ली आणि आणखी मागितलं.

तू हंडी उचललीस, माझ्यासमोर उलटी करून दाखवलीस आणि म्हणालीस, "संपलं."

कार्तिकात गाई घेऊन येईन. तेव्हाही घरातल्यासारखं जे असेल तेच वाढ. आणि फोन उचल, दुलाभाईंचं नाटक आता बंद कर.

तुझी
नाहार